ठोका यंत्राने दिला, पण सळई फिरवली कोणी?

#इतिहासधागा

बोगद्यांच्या इतिहासात हातोड्याला जितका मान मिळाला, तितका सळई फिरवणाऱ्या हाताला कधीच मिळाला नाही. आजचा धागा त्या फिरवण्याविषयी आहे. विषय रुक्ष वाटेल. पण आल्प्समधील एका बोगद्यापासून आपल्या बहात्तरच्या दुष्काळापर्यंत हा धागा न तुटता पोहोचतो, म्हणून थोडा धीर धरा.

प्रथम मूळ क्रिया समजून घेऊ. खडक सुरुंगाने उडवायचा तर त्यात आधी खोल, अरुंद भोक पाडावे लागते. यंत्रे येण्यापूर्वी हे काम दोघे-तिघे मिळून करीत. एक जण पोलादी सळई खडकावर धरून बसे. उरलेले घणाचे घाव घालीत. सळईचे टोक छिन्नीसारखे, म्हणजे एका सरळ धारेचे असे. ती धार पुन्हा पुन्हा एकाच रेषेवर आदळली, तर खडकात नुसती खाच पडते, सळई पाचरीसारखी त्या खाचेत रुतते आणि मग ती उपटून काढणे हेच एक काम होऊन बसते. म्हणून धरणारा माणूस दोन घावांच्या मधल्या क्षणी सळई किंचित उचलून साधारण अष्टमांश फेरा फिरवी. पुढचा घाव नव्या रेषेवर पडे, मधला दगडाचा टवका उडे, आणि अशा शेकडो घावांनंतर भोक गोल उतरे.

घाव घालणाऱ्याचे बळ दिसते. फिरवणाऱ्याचे कौशल्य दिसत नाही. घण खाली येत असताना त्याचे हात सळईवर असत, बोगद्यात उजेड मेणबत्तीचा किंवा तेलाच्या दिव्याचा, आणि चूक झाली तर मनगटाचा चुराडा. अमेरिकेत या माणसाला ‘शेकर’ म्हणत. वाफेच्या यंत्राशी स्पर्धा करून जिंकलेल्या आणि त्यातच प्राण सोडलेल्या जॉन हेन्रीची लोककथा तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. ती वेस्ट व्हर्जिनियातील बिग बेंड बोगद्याची की व्हर्जिनियातील लुईस बोगद्याची, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण कथा कोठलीही असो, जॉन हेन्रीसमोर सळई धरून कोणीतरी बसलेले असणारच. त्याचे नाव सहसा कोणाच्या ध्यानात राहत नाही.

आपल्याकडे १८५६ ते १८६३ या काळात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने बोरघाट बांधला, तोही याच पद्धतीने. पंचवीस बोगदे, सह्याद्रीचा काळा कातळ, हातातील सळया, घण आणि सुरुंगाची दारू. काम शिगेला असताना तेथे चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. सळई फिरवणाऱ्या यंत्राची वार्ताही त्या घाटात पोहोचली नव्हती. परंतु नेमक्या त्याच वर्षांत आल्प्समध्ये त्याच प्रश्नावर एक खटपट सुरू झाली होती. आता तिकडे वळू.

यंत्राने ठोका देणे हे तुलनेने सोपे होते. वाफेच्या इंजिनात दट्ट्या मागेपुढे होतोच. त्याच्या दांड्याला सळई बांधली की झाला ठोका. फिलाडेल्फियाच्या जोनाथन काउच याने १८४९ मध्ये अशा यंत्राचे पेटंट घेतले. त्याचा सहकारी जोसेफ फाउल याने पुढे सळई थेट दट्ट्याच्या दांड्यालाच जोडली आणि १८५१ मध्ये स्वतःचे पेटंट मिळवले. खरी अडचण दुसऱ्या क्रियेची होती. सरळ रेषेत मागेपुढे धावणाऱ्या दट्ट्याकडून गोल फिरण्याचे काम कसे करून घ्यायचे, आणि तेही प्रत्येक ठोक्यानंतर थोडेसेच, ठोका पडत असताना अजिबात नाही?

या प्रश्नाचे पहिले भव्य उत्तर फ्रान्स आणि इटली यांना जोडणाऱ्या माँ सनी बोगद्यात मिळाले. (नाव फसवे आहे. हा बोगदा माँ सनी खिंडीखालून जात नाही. तो तेथून काही अंतरावर फ्रेजूसच्या डोंगराखाली आहे.) लांबी सुमारे १२ किलोमीटर. वरून मधोमध उभ्या विहिरी खणणे अशक्य, कारण माथ्यावर हजार मीटरहून अधिक जाडीचा डोंगर. त्यामुळे काम फक्त दोन टोकांकडून करता येणार होते, आणि हाताने खोदायचे तर पंचवीस वर्षांहून कमी काळात ते होईल असे कोणी मानत नव्हते. १८५७ मध्ये आरंभ झाला तो हातानेच.

जेर्मां सोमेये हा या कामाचा प्रमुख अभियंता. ग्रांदिस आणि ग्रात्तोनी हे त्याचे दोन सहकारी. वाफेचे इंजिन बोगद्याच्या पोटात नेले असते तर धुराने माणसे गुदमरली असती. म्हणून डोंगरातील ओढ्यांच्या पाण्याच्या जोरावर हवा दाबायची आणि ती नळांतून आत न्यायची, अशी योजना ठरली. यंत्र त्या हवेवर चाले, आणि वापरून सोडलेली हवा मजुरांना श्वासासाठी मिळे. ही कल्पना इतकी देखणी आहे की बहुतेक पुस्तके येथेच थांबतात.

मला मात्र यंत्राच्या आतली रचना अधिक मोलाची वाटते. सोमेयेच्या यंत्राचे दोन स्वतंत्र भाग होते. एक मोठे सिलिंडर, ज्याचे काम फक्त ठोका देण्याचे. आणि त्याला जोडलेले एक लहानसे, वेगळे हवेचे इंजिन. हे धाकटे इंजिन तीन कामे करी : मोठ्या सिलिंडरची झडप उघडमिट करणे, प्रत्येक ठोक्यानंतर सळई थोडी फिरवणे, आणि भोक खोल जाईल तसे यंत्र पुढे सरकवणे. म्हणजे घण घालणारा आणि सळई धरणारा ही माणसांमधली जुनी विभागणी त्याने यंत्रात जशीच्या तशी उतरवली होती. ठोक्याला एक इंजिन, फिरवण्याला दुसरे.

१८६१ च्या जानेवारीत बार्दोनेक्कियाच्या, म्हणजे इटलीच्या बाजूने ही यंत्रे चालू झाली. आणि पहिले वर्ष निराशेचे गेले. १८५८ मध्ये त्याच बाजूला हाताने सुमारे २५७ मीटर खोदाई झाली होती. यंत्रांनी १८६१ मध्ये जेमतेम १७० मीटर केली. हे आकडे मुद्दाम देतो आहे. ‘यंत्र आले आणि वेग वाढला’ असे एका ओळीत लिहिणाऱ्या इतिहासावर विश्वास ठेवू नये. मधली वर्षे पाहावीत. धाकट्या इंजिनाचे नाजूक भाग त्या हादऱ्यांत टिकत नसत. एक यंत्र कातळासमोर उभे असताना त्याची अनेक भावंडे दुरुस्तीच्या शाळेत पडून असत. हळूहळू माणसे शिकली, सुटे भाग सुधारले, आणि मग १८६२ मध्ये ३८०, १८६५ मध्ये ७६५ मीटर अशी मजल गाठली गेली. रुळांवरच्या मोठ्या गाड्यावर आठ-नऊ यंत्रे बसवून ती एकदम कातळाला भिडवीत. १८७० च्या नाताळात दोन्ही बाजू एकमेकींना भेटल्या. सोमेये १८७१ च्या जुलैत वारला. सप्टेंबरमधील उद्घाटन त्याला पाहायला मिळाले नाही.

आता या कथेतील पहिले वळण. सोमेयेचा बोगदा जिंकला, पण त्याची कल्पना हरली. यंत्र लांब, जड आणि खर्चिक होते. राज्याच्या तिजोरीवर चालणाऱ्या बोगद्याला ते परवडले; खाणमालकाला परवडणारे नव्हते. खाणमालकाला दोन माणसांनी उचलून नेता येईल असे, कमी भागांचे, गावच्या लोहारालाही काही अंशी सावरता येईल असे यंत्र हवे होते. अटलांटिकपलीकडे मॅसॅच्युसेट्समध्ये हूझॅक बोगदा वर्षानुवर्षे रखडला होता. तेथे चार्ल्स बर्ली याने फाउलची पेटंटे विकत घेऊन १८६६ मध्ये आपली यंत्रे उतरवली. मागोमाग १८७१ मध्ये सायमन इंगरसोलचे पेटंट आले, रँडची यंत्रे आली. या पिढीने फिरवण्यासाठीचे धाकटे इंजिन साफ काढून टाकले.

त्याऐवजी जी युक्ती रुळली, तिचे नाव रायफल बार. बंदुकीच्या नळीत आतून जशा पिळाच्या खाचा असतात, तशा पिळाच्या खाचा बाहेरून असलेली एक सळी दट्ट्याच्या पोटात बसवलेली असते. दट्ट्या मागेपुढे होताना त्या पिळावरून सरकतो. सळीच्या मागच्या टोकाला एक दातेरी चक्र आणि खटके असतात. सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये ‘टिकटिक’ करणारी जी व्यवस्था असते, तीच येथे. दट्ट्या ठोका द्यायला पुढे धावतो तेव्हा खटके घसरतात, पिळाची सळी मोकळी फिरते आणि दट्ट्या सरळ जातो. दट्ट्या मागे येतो तेव्हा खटके दात पकडतात, सळी अडते, आणि दट्ट्यालाच पिळावरून फिरत यावे लागते. त्याच्यासोबत ड्रिलची सळईही फिरते. वेगळे इंजिन नाही, वेगळा खर्च नाही. ठोक्याच्याच परतीच्या प्रवासातून फिरणे फुकट मिळते.

खरे सांगायचे तर ही रचना फार सुंदर आहे, आणि पुढची ऐंशी-नव्वद वर्षे तिने जगातील खाणी चालवल्या. पण ‘फुकट’ या शब्दाशी थोडे थांबा. फिरणे आता ठोक्याशी बांधले गेले. एका ठोक्याला ठरलेला कोन, ना कमी ना जास्त. कठीण कातळात कोन लहान हवा, मऊ दगडात मोठा. यंत्रावरच्या माणसाच्या हाती ती निवड उरली नाही. आणि भेगाळलेल्या खडकात सळई अडकली, की दट्ट्याला मागे येता येईना. तो मागे येईना म्हणून पुढचा ठोका पडेना. जेथे फिरवण्याचे बळ सर्वांत जास्त लागते, नेमके तेथेच ते नाहीसे होई. अशा वेळी मजूर सळईला पाना लावून ती हाताने पिळून काढी. म्हणजे जुना ‘शेकर’ यंत्राशेजारी पुन्हा उभा राहिलाच.

येथे ‘चक’ हा शब्द कथेत येतो. सुरुवातीच्या यंत्रांत सळई दट्ट्यालाच घट्ट बांधलेली असे. सगळे वजन मागेपुढे होई. डेन्व्हरच्या जॉन जॉर्ज लेनर याने १८९७ च्या सुमारास यंत्राची ही मांडणीच बदलली. त्याने सळई दट्ट्यापासून सोडवली. सळई यंत्राच्या तोंडाशी एका पकडीत, म्हणजे चकमध्ये, बसून राही. दट्ट्या आत हातोड्यासारखा येऊन तिच्या शेपटीवर घाव घाली. घाव हलके पण कितीतरी वेगवान. फिरवण्यासाठी रायफल बार तोच राहिला, पण आता तो दट्ट्याला फिरवी, दट्ट्या चकला फिरवी आणि चक सळईला. घण घालणारा आणि सळई धरणारा पुन्हा वेगळे झाले होते, फक्त धरणाऱ्याकडे अजून स्वतःचे बळ नव्हते.

लेनरने आणखी एक गोष्ट केली, आणि येथे हा धागा काळवंडतो. भोकातील दगडाची भुकटी बाहेर काढण्यासाठी त्याने सळई पोकळ केली आणि तिच्यातून दाबलेली हवा सोडली. भुकटी झपाट्याने बाहेर आली, आणि थेट माणसाच्या तोंडावर. मजुरांनी ती यंत्रे नाकारली. लेनरने नंतर हवेच्या जोडीला पाणी सोडण्याची सोय केली, त्यामुळे भुकटीचा चिखल होऊन खाली वाहू लागला. उपाय हाताशी होता. पण पाण्याला नळ लागतात, पंप लागतात, आणि कोरडे छेदन भरभर होते. म्हणून अनेक ठिकाणी ते कोरडेच चालू राहिले. खाणकामगारांनी त्या यंत्रांना दिलेल्या टोपणनावाचा अर्थ होतो ‘विधवा करणारे’. गारेची बारीक धूळ फुप्फुसात रुतून बसते आणि श्वास कायमचा आखडतो. त्या रोगाला आज आपण सिलिकोसिस म्हणतो. ट्रान्सवालच्या सोन्याच्या खाणींतील मृत्यूंची चौकशी करण्यासाठी १९०२ मध्येच आयोग नेमावा लागला होता.

म्हणजे अज्ञान हे कारण पुढे कोणालाच देता येत नव्हते. तरी १९३० मध्ये वेस्ट व्हर्जिनियात हॉक्स नेस्ट येथे जलविद्युत प्रकल्पाचा सुमारे ५ किलोमीटरचा बोगदा खोदायला घेतला, तेव्हा तो जवळपास शुद्ध गारेतून जात असूनही काम कोरडेच झाले, असे कामगारांनी साक्षीत सांगितले. मजुरांत बहुसंख्य कृष्णवर्णीय, मंदीच्या काळात कामाच्या शोधात दक्षिणेकडून आलेले. १९३६ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीपुढे मृतांचा आकडा ४७६ असा आला. मार्टिन चर्निॲक या वैद्यकीय अभ्यासकाने १९८६ च्या आपल्या पुस्तकात तो किमान ७६४ असावा असा अंदाज मांडला. यंत्राच्या इतिहासात पेटंटांची वर्षे लिहिताना ही संख्या त्याच पानावर लिहावी, असे मला वाटते. कारण पोकळ सळई, फिरता चक आणि पाण्याची नळी हे तिन्ही एकाच यंत्राचे भाग होते, आणि तिसरा भाग वगळण्याचा निर्णय कोणा माणसाने घेतला होता.

आता दुसरे वळण. दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास स्वीडनमध्ये टंगस्टन कार्बाइडच्या टोकाची सळई व्यवहारात आली. टोक आता लवकर बोथट होत नव्हते, त्यामुळे एकाला एक सळया जोडून खूप खोल भोके पाडणे फायद्याचे झाले. या जोडसळया आट्यांनी एकमेकींत बसतात, आणि येथे रायफल बारची मर्यादा उघडी पडली. लांबच लांब सळईमाला फिरवायला बळ अधिक हवे. शिवाय काम संपल्यावर आटे सोडवायचे तर उलटे फिरवायला हवे, आणि खटक्यांचे चक्र एकाच दिशेने जाते.

तेव्हा अभियंते सोमेयेच्या वाटेला परत आले. यंत्राच्या बाजूला एक छोटी स्वतंत्र हवेची मोटर, तिच्यापुढे दात्यांची चक्रे, आणि त्या चक्रांनी फिरणारा चक. दट्ट्याकडे फक्त ठोका उरला. रायफल बार गेला, खटके गेले. या रचनेला स्वतंत्र फिरणीची रचना म्हणता येईल. मोटरचा वेग ठोक्याच्या वेगाहून वेगळा ठेवता येतो, म्हणून खडक बदलला की कोन बदलता येतो. सळई अडकली तरी मोटर पूर्ण जोराने पिळत राहते, ठोका चालू असो वा नसो. आणि मोटर उलटी फिरवली की आटे सुटतात. १९७० च्या सुमारास फ्रान्सच्या माँताबेर कंपनीने आणि पाठोपाठ स्वीडनच्या ॲटलास कॉप्को कंपनीने दाबलेल्या हवेऐवजी दाबलेल्या तेलावर चालणारी यंत्रे आणली, त्यांतही फिरवण्याची मोटर वेगळीच राहिली. आजच्या बोगद्यांतील यंत्रे तर या मोटरवरील तेलाचा दाब सतत मोजतात. दाब एकाएकी चढला, म्हणजे सळई रुतू लागली, हे ओळखून यंत्र आपोआप मागे सरते. धरणाऱ्या माणसाच्या हाताला जे जाणवत असे, तेच ते मोजतात.

आणि आता आपल्या गावात या. पेठेत रस्ता फोडणारा ब्रेकर तुम्ही पाहिला असेल; तो फिरत नाही, नुसता ठोकतो, कारण त्याला गोल भोक पाडायचेच नसते. पण बोअरवेलची गाडी आठवा. डांबरी सडकेवरून ट्रकवर येते, मागे मोठा कॉम्प्रेसर गरजतो, उभ्या खांबावरून लोखंडी रॉड जमिनीत उतरतो आणि संथपणे फिरत राहतो. त्या यंत्रात सोमेयेची विभागणी टोकाला पोहोचली आहे. ठोका देणारा हातोडा रॉडच्या तळाशी, भोकाच्या आत, कातळाला भिडून असतो; फिरवणारी मोटर वर खांबावर असते. हातोड्याच्या तोंडाशी चक आहे, चकमध्ये टंगस्टन कार्बाइडच्या गोळ्या बसवलेले टोक आहे, आणि वरची मोटर शेकडो फूट रॉडमधून त्या चकला फिरवते.

दख्खनच्या काळ्या पाषाणात हाताने विहीर खणायला महिनोन्महिने लागत. या यंत्राने बोअर एक-दोन दिवसांत होऊ लागली. १९६७ मध्ये बिहारच्या दुष्काळात युनिसेफने अशी यंत्रे भारतात आणली, आणि पुढे महाराष्ट्रातील १९७०–७३ च्या अवर्षणात कठीण खडकातील बोअरचे काम वाढले. त्या बोअरवर टिकेल असा हातपंप हवा होता. जालना पंप, सोलापूर पंप अशी मराठी गावांची नावे घेऊन तो घडत गेला, आणि त्यातून १९७० च्या दशकाच्या अखेरीस इंडिया मार्क दोन हा हातपंप तयार झाला. त्याच बहात्तरच्या साली, दुष्काळी कामांवर हजारो स्त्री-पुरुष हाताने खडी फोडीत बसले होते, आणि तेथून काही कोसांवर मोटरने फिरणारा चक त्याच कातळात पाणी शोधीत होता.

पुढच्या वेळी बोअरची गाडी दिसली तर शेवटपर्यंत थांबून पाहा. पाणी लागल्यावर कॉम्प्रेसरचा आवाज उतरतो, ठोका थांबतो, आणि मग ऑपरेटर एक दांडा विरुद्ध बाजूला ओढतो. रॉड उलटा फिरू लागतो. एकेक आटा सुटतो, एकेक रॉड वर येतो, आणि हाताला चिखल लागलेली दोन माणसे तो धरून गाडीवर रचत जातात.